एका 'बोग'साठी आख्खा कोर्स घ्यावा का?

साडेतीन स्टार देतेय. पाच द्यायची तयारी होती पण शेवटच्या भागांनी आणि सबटायटल्सनी माती खाल्ली, ते खाली येईलच. ज्यांना फक्त हो की नाही एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते, शब्दांचा नाद असेल तर डोळे झाकून घ्या, स्लाव पुराणकथा शिकायच्या म्हणून घेत असाल तर अजिबात घेऊ नका.

कोर्स म्हणजे रेकॉर्डेड व्हिडिओ, इंग्रजीत. स्लाव भाषांमधले (रशियन, पोलिश, चेक वगैरे एका कुटुंबातल्या भाषा) रोजचे शब्द घ्यायचे आणि त्यांची मुळं शोधायची, एक शब्द म्हणजे एक युनिट. पाणी, आई, बर्फ अशी युनिटं वेगवेगळी मिळतात, मी घेतलं ते 'देव' या शब्दाचं. कोर्सचं नाव देत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि एकंदर छोट्या टीमचं काम दिसतंय, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. शिकवणाऱ्या बाई शांत बोलतात, हातवारे नाहीत, मागे ढणढण म्युझिक नाही, फळ्यावर खडूने लिहितात आणि चुकलं तर पुसतात. रशियन यायलाच पाहिजे असं नाही पण सिरिलिक लिपी (रशियन लिहितात ती) थोडी ओळखता आली तर मजा दुप्पट होते.

पहिला भाग नुसता कानांचा आहे आणि तो मला सगळ्यात आवडला. मुद्दा सोपा आहे, सगळ्या स्लाव भाषांमध्ये देवाला एकच शब्द आहे, रशियन, बल्गेरियन, मॅसेडोनियन, सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेन सगळीकडे लिहितात 'बोग', पण म्हणतात मात्र प्रत्येकजण आपापल्या पद्धतीने, आणि त्या प्रत्येक उच्चारात त्या भाषेचा इतिहास अडकून बसलाय. प्रत्येक भाषेतल्या माणसाच्या आवाजात शब्द ऐकवलाय, एकदा नुसता आणि एकदा वाक्यात, आणि ही वाक्यातली रेकॉर्डिंग्ज खरंच नीट निवडलेली आहेत.

पोलिशचंच घ्या. लिहितात बोगच, फक्त त्या ओवर तिरकी रेघ असते, आणि म्हणतात चक्क 'बुक'. म्हणजे जुना लांब ओ बदलत बदलत उ झाला आणि शेवटचा ग कठोर होऊन क झाला. गंमत अशी की पोलिशमध्ये बीचच्या झाडाला पण 'बुक' म्हणतात आणि पूर्व सीमेवरच्या बुग नदीचा उच्चारही 'बुक'च, म्हणजे देव, झाड आणि नदी तिन्ही कानाला एकच. वेगळे कधी कळतात तर विभक्ती लागली की, देवाचा म्हणजे 'बोगा', तिथे तो ग आणि ओ दोघंही परत हजर. बाई हे तीन शब्द पोलिश माणसाकडून तीनदा म्हणवून घेतात आणि कुठला कुठला ते ओळखायला सांगतात, अर्थात कोणालाच ओळखता येत नाही, तोच मुद्दा आहे.

रशियनमध्ये उलटी तऱ्हा. तिथे शब्दाच्या शेवटचा ग एरवी क होतो, मित्र म्हणजे लिहायला द्रूग, बोलायला 'द्रूक'. त्या हिशोबाने देव 'बोक' व्हायला हवा होता, पण 'बोक' म्हणजे कूस, बाजू. देवाला मात्र म्हणतात 'बोख', तो घशातून घासून येणारा ख. कारण चर्चमध्ये वाचताना ग असा मऊ घासून म्हणायची परंपरा होती, ती बाकी भाषेतून गेली पण या एका शब्दाच्या शेपटीला चिकटून राहिली.

मग येतो ह वाला पट्टा. चेक, स्लोव्हाक, अप्पर सॉर्बियन, युक्रेनियन, बेलारूशियन, या सगळ्यांनी जुन्या ग चा ह किंवा त्याच्या जवळचा आवाज केला, नकाशावर सलग पट्टा दिसतो. सॉर्बियन म्हणजे जर्मनीच्या पूर्व भागातले स्लाव, आकाराने चिमूटभर, पण त्यांच्या दोन भाषा आहेत आणि गंमत म्हणजे दक्षिणेकडच्या अप्परमध्ये ह आणि उत्तरेकडच्या लोअरमध्ये ग, म्हणजे ती रेषा बरोबर त्यांच्या मधून जाते. चेकमध्ये शब्द 'बूह' असा लिहितात (शेवटचा ह ऐकू येतो ख सारखा), त्या उ वर छोटं गोल कडं असतं, आणि ते कडं म्हणजे सजावट नाही तर वर चढवलेला ओ आहे. जुना लांब ओ आधी 'उओ' झाला, मग नुसता लांब ऊ झाला, बोलण्यातून ओ गेला पण लिहिताना उ च्या डोक्यावर बसून राहिला. विभक्तीत 'बोहा', परत ओ.

युक्रेनियनचा तुकडा तर दोनदा बघण्यासारखा आहे. तिथे बंद अक्षरातला ओ नियमाने इ होतो, रशियन 'कोत' म्हणजे बोका तर युक्रेनियन 'कित'. मग देव 'बिह' हवा. पुस्तकी भाषेत 'बोह' आहे, तो चर्चच्या भाषेच्या प्रभावाने, पण खरा 'बिह' मेलेला नाही, तो जुन्या वाक्प्रचारांत लपलाय. रशियन धन्यवाद म्हणजे 'स्पासीबो', मूळ 'स्पासी बोग', देव तुझं रक्षण करो, शेवटचा ग गळून गेला. युक्रेनियन त्याच जागी म्हणतो 'स्पासिबी', आणि तो 'बी' म्हणजेच शेपूट तुटलेला 'बिह'! रोज लाखो लोक दुकानात सुटे पैसे परत घेताना हा शब्द म्हणतात आणि त्यात देव आहे हे कोणाच्या गावीही नसतं. रशियातले जुन्या रीतीचे ख्रिस्ती मात्र ही तुटकी शेपूट चालवून घेत नाहीत, ते त्याऐवजी 'स्पासी ख्रिस्तोस' म्हणतात.

याच भागात हाक मारायच्या रूपाबद्दल आहे. रशियनमधून संबोधन विभक्ती केव्हाच गेली, पण देवाला हाक मारताना अजून 'बोझे' म्हणतात, 'बोझे मोय' म्हणजे अरे देवा. पोलिश, चेक, युक्रेनियन, सर्बियन सगळ्यांत हेच बोझे. ग चा झ झालाय कारण पुढे ए आला. आणि जुन्या चर्च स्लाव भाषेत (बायबलच्या पहिल्या स्लाव भाषांतराची भाषा) अनेकवचन होतं 'बोझी', तिथला झ वेगळा, झोपडीतल्या सारखा दातांचा. म्हणजे एकाच शब्दात बोग, बोझे, बोझी असे ग चे तीन अवतार. बाई इथे थांबतात पण मराठी माणसाने थांबू नये, आपल्याकडे भाग आणि भजन, योग आणि युज्, रोग आणि रुज्, हाच खेळ आहे की. दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडलाय पण कारण तेच, पुढच्या स्वराने ग ला टाळूकडे ओढला.

आणि भाग-भजन उगाच नाही आणलं. दुसरा भाग अर्थाचा आहे आणि पैसे तिथे वसूल होतात.

'बोग'चा सर्वात जवळचा नातेवाईक म्हणजे आपला वेदातला भग. आदित्यांपैकी एक, वाटा देणारा, ऋग्वेदात सातव्या मंडलात त्याचं सूक्त आहे, 'भग एव भगवाँ अस्तु' वालं. भज् म्हणजे वाटणं, त्यातून भाग, विभाग, भाग्य, भक्त, भगवान सगळी फौज. इराणी बाजूला जुन्या पर्शियनमध्ये 'बग' म्हणजे थेट देव, इराणी सम्राट दारयवहूच्या (डॅरियस) शिलालेखांत 'बग वज्रक अउरमज्दा', म्हणजे थोर देव अहुरमज्द, असं सुरू होतं, आणि ज्या बेहिस्तूनच्या कड्यावर त्याचा सगळ्यात मोठा लेख आहे त्या नावाचं मूळ 'बगस्तान', देवांची जागा.

आता स्लाव भाषांमध्ये देव हा अर्थ वरचा थर आहे, खाली तोच वाटा बसलाय. श्रीमंत म्हणजे रशियन 'बोगाती', पोलिश 'बोगाते', चेक 'बोहाती', ज्याच्याकडे बोग आहे तो. (रोमानियन ही स्लाव नव्हे, लॅटिनची लेक, पण तिनेही श्रीमंताला 'बोगात' हा शब्द शेजाऱ्यांकडून उचलला, देव मात्र लॅटिनचाच ठेवला, 'दुम्नेझेउ'.) गरीब म्हणजे पोलिश 'उबोगी', रशियन 'उबोगी' म्हणजे दीनवाणा, पुढचा उ म्हणजे दूर गेलेला, ज्याच्यापासून बोग दूर गेला तो. अक्षरशः आपला अभागी. इथे बोगचा अर्थ देव लावून बघा, काहीच बसत नाही, गरीब म्हणजे देव नसलेला? वाटा लावा, लगेच कुलूप उघडतं. चेकमध्ये मेलेल्या माणसाला 'नेबोश्तीक' म्हणतात, पोलिशमध्ये 'न्येबोश्चिक', तेही याच घरातले, आधी अर्थ बिचारा, अभागी, मग कैलासवासी.

आणि सगळ्यात भारी शब्द शेवटी. पोलिशमध्ये धान्य म्हणजे 'झ्बोझे'. युक्रेनियनमध्ये 'झ्बिझ्झ्या', तेही धान्य. चेकमध्ये 'झ्बोझी', पण तिथे अर्थ दुकानातला माल, सामान. अप्पर सॉर्बियनमध्ये 'झ्बोझो', आणि तिथे अर्थ सुख, नशीब, शुभेच्छा देताना हाच शब्द वापरतात. एकच जुना शब्द, अर्थ चांगला वाटा, मग शेतकऱ्यासाठी चांगला वाटा म्हणजे धान्य, व्यापाऱ्यासाठी माल आणि सॉर्बियन लोकांनी तो थेट सुखावर नेऊन ठेवला. त्यात सुरुवातीला जो स आहे (पुढच्या ब मुळे झ ऐकू येतो) तो काही अभ्यासकांच्या मते आपला 'सु' आहे, चांगला या अर्थाचा. म्हणजे सु अधिक भग, सुभग, सौभाग्य! पोलिश शेतात उभं असलेलं पीक आणि आपलं सौभाग्य एकाच धातूवर, एकाच उपसर्गावर उभं. बाईंनी संस्कृत सुभग फळ्यावर लिहिला आणि पुढे गेल्या, अहो थांबा की जरा, इतक्या मोठ्या गोष्टीवर निदान एक चहा तरी झाला पाहिजे होता.

इथून तक्रारी सुरू.

तिसरा भाग आहे 'हा शब्द आला कुठून' आणि तिथे बाईंनी इराणीतून उसना घेतला असं ठोकून सांगून टाकलंय, जणू निकाल लागलाय. निकाल लागलेला नाही. दोन बाजू आहेत. एक म्हणते स्लाव आणि इराणी-भारतीय भाषांनी हा शब्द एकाच पूर्वजाकडून घेतला, चुलत भावंडं. दुसरी म्हणते काळ्या समुद्राच्या उत्तरेला इराणी भाषा बोलणारे शक आणि सरमाती लोक शेकडो वर्षं स्लावांच्या शेजारी होते (दोन, द्नीपर, द्नीस्तर या नद्यांच्या नावांत इराणी 'दानु', म्हणजे नदी, दिसतो तो त्यांचाच), त्यांच्याकडून 'बग' घेतला. फास्मरच्या रशियन व्युत्पत्तिकोशात, जो अजूनही सगळे आधी उघडतात, बोग हा भगचा नातलग म्हणून आधी दिलाय आणि मग उसनवारीचं मत वेगळं नोंदवलंय. एवढं तरी बाईंनी सांगायचं.

उसनवारीच्या बाजूने खरा दणकट पुरावा आहे तो मात्र त्यांनी दोन वाक्यांत उरकला, तो मीच सांगते. व्हेर्नर विंटर या भाषाशास्त्रज्ञाच्या नावाने १९७० च्या दशकापासून एक नियम ओळखला जातो, बाल्टिक आणि स्लाव भाषांमध्ये मूळच्या ब, द, ग या साध्या घोष व्यंजनांच्या आधीचा स्वर लांबतो, महाप्राण (भ, ध, घ) असेल तर लांबत नाही. आपलं अद्, खाणं, आणि सद्, बसणं, दोन्हींचे स्लाव भाऊ लांब स्वर घेऊन येतात. मग भज् मध्ये मूळ साधा ग आहे, तर स्लाव शब्द लांब स्वराचा 'बाग' हवा होता. आहे आखूड 'बोग'. म्हणजे हा शब्द नियम संपल्यावर बाहेरून आत आला असं म्हणायला जागा आहे. हा नियम सगळ्यांना याच रूपात मान्य नाही, म्हणून भांडण चालू आहे, आणि हे भांडणच तर बघायला मजा येते ना, ते कापून निकाल कशाला वाचून दाखवायचा.

अजून एक गोष्ट हातातून घालवली. बाकी बऱ्याच भावंडांनी देवासाठी जुना आकाशवाला शब्द ठेवला, संस्कृत देव, लॅटिन देउस, आणि स्लावांच्या अगदी शेजारी राहणारा लिथुआनियन 'दिएवास', लात्व्हियन 'दिएव्स'. म्हणजे घराला घर लागून, आणि एकाकडे दिएवास तर दुसऱ्याकडे बोग. इराणी लोकांनी तर 'दैव' शब्दाला राक्षस करून टाकलं आणि बग वर बसवला. स्लाव या बाबतीत लिथुआनियन शेजाऱ्यापेक्षा इराणीच्या जवळ का गेले, हा प्रश्न आख्ख्या युनिटचा कणा व्हायला हवा होता, तो घाईघाईत शेवटच्या स्लाइडवर येतो आणि जातो.

चर्चचा भाग बरा आहे. सिरिल आणि मेथोडियस हे धर्मप्रचारक भाऊ ८६३ साली मोराव्हियात गेले, बायबल स्लाव भाषेत आणताना ग्रीक 'थेओस'साठी त्यांनी नवा शब्द घडवला नाही, लोकांच्या तोंडातला बोगच उचलला. मग माणसांची नावं आली, ग्रीक थेओफिलोसच्या धर्तीवर बोगुमिल, चेकमध्ये बोहुमिल, म्हणजे देवाला प्रिय. देवाने दिलेला तो बोगदान, युक्रेनियन बोहदान. ख्रिसमसला क्रोएशियन 'बोझिच' म्हणतो, छोटा देव. निरोप घेताना चेक 'स्बोहेम', सर्ब 'झ्बोगोम', बल्गेरियन 'स्बोगोम', म्हणजे देव सोबत असो, आणि झाग्रेबमध्ये तर भेटल्यावरही 'बोग' आणि निघतानाही 'बोग'. पोलिश लहान मुलांचा 'बोझ्या' पण आहे, आपल्या बाप्पासारखा.

यात एक पान पडद्यावर मोठं करून दाखवलंय ते चुकवू नका. चर्च स्लाव छपाईत पवित्र शब्द आखडून लिहायचे, मधली अक्षरं गाळायची आणि वर एक वळणदार रेघ द्यायची, तिला तित्लो म्हणतात. खरा देव असेल तर ब आणि ग एवढंच आणि वर तित्लो, पण मूर्तिपूजकांचे देव असतील तर तोच शब्द पूर्ण अक्षरात, बिनरेघेचा. एकाच पानावर दोन्ही दिसतात. आणि त्याच्या उलट टोकाला सोव्हिएत काळ, जिथे खऱ्या देवालाही मोठं अक्षर मिळायचं नाही, 'बेझ्बोझ्निक' म्हणजे निर्देव नावाचं धर्मविरोधी वृत्तपत्र १९२२ पासून १९४१ पर्यंत निघत होतं, त्या नावाच्या पोटातही शेवटी बोगच.

आता माती खाल्लेला भाग. पुराणकथा. इथे बाई नाहीत, दुसराच कोणी निवेदक आहे, आणि म्युझिक पण आलं. काळा देव चेर्नोबोग आणि पांढरा देव बेलोबोग यांची युगानुयुगांची लढाई, ग्राफिक्ससकट. अहो, चेर्नोबोगचा उल्लेख हेल्मोल्ड नावाच्या १२व्या शतकातल्या जर्मन पाद्र्याच्या इतिवृत्तात आहे, तो सांगतो की स्लाव मेजवानीत वाडगा फिरवताना चांगल्या आणि वाईट देवाच्या नावाने बोलतात आणि वाईटाला काळा देव म्हणतात. बस. बेलोबोग हे नाव तो देतच नाही, काळा आहे म्हणजे पांढरा असणारच असं मागाहून लोकांनी जुळवलं. कोर्समध्ये यातलं अवाक्षर नाही. उलट जे खरं भक्कम आहे, कीव्हच्या जुन्या बखरीतली ९८० सालची नोंद, तिथल्या राजा व्लादिमीरने टेकडीवर पेरून, खोर्स, दाझ्बोग, स्त्रीबोग, सिमार्ग्ल आणि मोकोश यांच्या मूर्ती उभ्या केल्या, ती यादी नुसती वाचून काढली. दाझ्बोगचा पहिला भाग म्हणजे 'दे', देणं या क्रियापदाची आज्ञा, म्हणजे 'वाटा दे' वाला देव, आदल्याच भागात शिकवलेली गोष्ट इथे सोन्यासारखी वापरता आली असती. निवेदकाने आधीचे व्हिडिओ बघितलेच नसावेत.

सबटायटल्स मशीनने केलेली आहेत आणि कोणी तपासलेली नाहीत. संस्कृत भगचं दर वेळी 'बॅग' होतं. 'वाटा देणारी बॅग' वाचून मी व्हिडिओ थांबवून हसले. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला हा कोर्स निरुपयोगी आहे, एवढ्या एका गोष्टीसाठी मी अर्धा स्टार कापलाय.

क्विझमध्ये तर उत्तरच चुकीचं आहे. 'खालीलपैकी कोणता शब्द बोगपासून आलाय' यात 'बोगातिर', म्हणजे रशियन लोककथांमधला महावीर, बरोबर धरलाय. दिसतो तसा खरा, पण बोगातिर हा तुर्की-मंगोल 'बघातुर'वरून आला, आणि तोच शब्द फारसीतून आपल्याकडे बहादुर होऊन आला. मी सपोर्टला सविस्तर लिहिलं, उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, प्रश्न आहे तसाच आहे. तेव्हा घेतलात तर पहिले दोन भाग हेडफोन लावून बघा, चर्चवाला भाग बघा, तिसऱ्याच्या निकालावर विश्वास ठेवू नका आणि क्विझ सरळ सोडून द्या, सर्टिफिकेटला त्याचे मार्क धरत नाहीत.